तुम्हांस कळविण्यात येते की

मराठीत 'सूचना' आहे, 'इशारा' आहे, 'ताकीद' आहे, 'वर्दी' आहे, 'निरोप' आहे. इतके घरचे शब्द हाताशी असताना आपण 'नोटीस' हा परका शब्द घरात घेतला, आणि आता तो पोटभाडेकरूसारखा असा ठाण मांडून बसला आहे की काढू म्हटले तरी निघत नाही. याला कारण आहे. सूचना शाळेच्या फळ्यावर लागते. ती लावणाऱ्याखेरीज कोणी वाचत नाही. इशारा नदी देते. ताकीद वडील देतात आणि दुसऱ्या दिवशी विसरतात. निरोप सासरहून येतो आणि पाव्हणे त्याच्या आधी येऊन पोचलेले असतात. पण 'राहते घर खाली करा' हे एका माणसाने दुसऱ्या माणसाला सांगायचे, तर त्याला नोटीसच लागते. 'आमच्याकडे सूचना आली' म्हटले, तर शेजारी 'बरं' म्हणून पुढे जातील. 'नोटीस आली' म्हणून पाहा. शेजारीण पिठाचे हात तसेच घेऊन दारात उभी राहते.

मी जन्मापासून भाड्याच्या घरात वाढलेला माणूस. साताऱ्यात वडिलांच्या भाड्यावर राहिलो, आणि सांगलीला बदली झाल्यावर स्वतःच्या. त्यामुळे माणसाने माणसाला 'जा' म्हणायचे असेल, किंवा 'मी जातो' म्हणायचे असेल, तर ते किती दिवस आधी म्हणावे, हा प्रश्न मला फार दिवसांपासून पडलेला आहे. जगावे कसे आणि मरावे कसे यांवर मोठमोठ्या लोकांनी ग्रंथ लिहून ठेवले आहेत. घर सोडावे कसे यावर फारसे काही माझ्या वाचनात आलेले नाही. माझे वाचन पासबुकांचे आहे हेही खरे.

पण ग्रंथकारांनी सोडून दिलेल्या या प्रश्नाचे उत्तर इंग्रज सरकारने १८८२ सालीच देऊन टाकलेले आहे, असे मला आमच्या काउंटरवर येणाऱ्या एका वकीलसाहेबांनी सांगितले. मालमत्ता हस्तांतरण कायदा, कलम १०६. करारात वेगळे काही ठरलेले नसेल, आणि तिथला कायदा किंवा रूढी आड येत नसेल, तर राहायला दिलेली जागा महिन्या-महिन्याच्या भाड्याने दिली असे धरायचे. मग मालकाने म्हणा, भाडेकरूने म्हणा, पंधरा दिवसांची नोटीस दिली की मामला खलास. शेतीसाठी किंवा कारखान्यासाठी जागा दिली असेल तर मात्र ती वर्षा-वर्षाच्या बोलीने दिली असे धरायचे, आणि नोटीस सहा महिन्यांची.

आता बघा. आमच्या सांगलीकडे हळद होते. ती जमिनीत आठ-नऊ महिने मुक्काम करते. तिला मध्येच उपटून दुसऱ्या रानात लावता येत नाही, हे साहेबाला समजले. कारखान्याचे धूड पंधरवड्यात हलत नाही, हेही त्याला समजले. पण एक कारकून, त्याची बायको, दोन मुले, म्हातारी आई, तुळशीची कुंडी, देव्हारा आणि कैरीच्या लोणच्याची बरणी, एवढा संसार पंधरा दिवसांत उपटावा आणि दुसरीकडे खोचावा म्हणजे तिथे तो आपोआप मूळ धरतो, अशी साहेबाची समजूत दिसते. त्याला तरी काय बोल लावावा? तो स्वतः सदैव बदलीवरचा माणूस. त्याच्या सामानात लोणच्याची बरणी नसणार.

आम्ही वाणिज्य शाखेचे लोक. कुठलाही आकडा दिसला की त्याच्याशेजारी दुसरा आकडा ठेवून पाहायची आम्हांला खोड. बँका एकमेकींना पैसे उसने देतात. एका रात्रीपुरते दिले तर त्याला 'कॉल मनी' म्हणतात. दोन ते चौदा दिवसांसाठी दिले तर 'नोटीस मनी'. पंधरा दिवस झाले की त्याचे नाव बदलते आणि तो 'टर्म मनी' होतो. म्हणजे पैशाची नोटीस चौदाव्या दिवशी संपते आणि माणसाची पंधराव्या दिवशी. कायद्याच्या लेखी माणूस पैशापेक्षा बरोब्बर एक दिवसाने मोठा आहे. फार नव्हे, पण आहे. याउलट, कर्ज थकवणाऱ्याचे तारण ताब्यात घ्यायचे झाले, तर २००२ च्या कायद्याप्रमाणे बँकेने त्याला आधी साठ दिवसांची नोटीस द्यायची. वेळेवर भाडे देणाऱ्याला पंधरा आणि हप्ते न देणाऱ्याला साठ. यातून काय बोध घ्यायचा तो वाचकांनी घ्यावा. मी बँकेतला माणूस आहे, माझ्या तोंडी तो शोभणार नाही.

पूर्वी या पंधरा दिवसांत आणखी एक मेख होती. मुदत नुसती पंधरा दिवसांची असून भागत नसे. ती भाड्याच्या महिन्याच्या अखेरीसच संपावी लागे. एका दिवसाची गफलत झाली की नोटीस बाद. आणि महिना म्हणजे इंग्रजी महिना, हेही कायद्याने सांगून ठेवलेले. अधिक महिन्यात जावयाला वाण मिळते; भाडेकरूला मुदत मिळत नाही. त्या एका दिवसावर वर्षानुवर्षे दावे चालले. भाडेकरूंचे घर राहिले की गेले हे सोडा, त्या एका दिवसावर काही वकिलांची घरे उभी राहिली असतील. शेवटी २००२ च्या दुरुस्तीने महिनाअखेरीची अट गेली. आता नोटीस मिळाल्या दिवसापासून मोजायचे. आणि दावा पुरते दिवस उलटल्यावर लावला असेल, तर केवळ नोटिशीत दिवस कमी लिहिले म्हणून ती बाद होत नाही.

आमच्या साताऱ्याच्या वाड्याचे मालक तात्या यांना हे सगळे कायदे पाठ होते. तरी त्यांचा काही उपयोग झाला नाही.

वाडा शनिवार पेठेत. तात्या खाली, आम्ही माडीवर, मध्ये चौदा पायऱ्या. वडील शाळामास्तर. भाडे बावीस रुपये, तेही माझ्या जन्माच्या कितीतरी आधीपासून. दर दोन-तीन वर्षांनी तात्यांच्या पुतण्याचे लग्न ठरण्याच्या बेतात येई, आणि त्यासाठी त्यांना माडी हवी असे. मग ते वकिलाकडे जाऊन नोटीस काढीत. ती नोटीस तात्या खिशात घालून वर आणून देऊ शकले असते. तेही कायद्यात बसते. नोटीस हाती देता येते, घरच्या माणसाकडे देता येते, आणि काहीच जमले नाही तर दर्शनी भागावर डकवताही येते. पण तात्यांची नोटीस पोस्टात जाई, शिक्के खाई आणि पोस्टमनच्या पिशवीतून त्याच वाड्याच्या त्याच दिंडीदरवाजातून आत येई. तात्या ओट्यावर सुपारी कातरत बसलेले असत. पोस्टमनला ते म्हणत, "मास्तर वर आहेत. जा." आणि मान फिरवून तुळशीवृंदावनाकडे पाहत राहत.

आमची आजी रजिस्टर पत्राला हात लावीत नसे. रजिस्टर आणि तार यांत तिच्या लेखी फरक नव्हता. दोन्ही कोणीतरी गेल्याशिवाय येत नाहीत, अशी तिची खात्री. ती सरळ सांगे, "नको आम्हांला. परत ने." पोस्टमन बिचारा 'घेण्यास नकार' असा शेरा मारून पत्र परत नेई, आणि आजीला वाटे, संकट जिन्यावरूनच परतवले. वकीलसाहेब म्हणतात, नकार दिला की न्यायालये नोटीस पोचली असेच धरतात. आता ती तारही राहिली नाही, आणि २०२५ साली रजिस्टरही स्पीड पोस्टात विलीन झाले. पण न घेतलेली नोटीस पोचते हा नियम काही बदललेला नाही. तो कायद्यापेक्षा जुना आहे. कालिदासाने रघुवंशात दशरथाच्या कानाशी पिकलेला केस आणून उभा केला आहे. राज्य आता रामाला दे, हे सांगायला म्हातारपण कानाशी येऊन कुजबुजते. इतकी बिनचूक बजावलेली नोटीस दुसरी नाही. पत्ता बरोबर, कानापर्यंत पोचलेली आणि घेण्यास नकार द्यायची सोय नाही. आमचे शाखाधिकारी दर रविवारी केसांना कलप लावतात, तो 'घेण्यास नकार'च होय. ती तरीही पोचते.

असो. तात्यांच्या नोटिशीची मुदत संपे. पुढे पहिली तारीख उजाडे. वडील सदरा घालून, भाड्याचे पैसे घेऊन चौदा पायऱ्या उतरत. तात्या चष्मा लावून पैसे मोजत, पावती फाडत, आणि म्हणत, "मास्तर, चहा घेऊन जा." इथे कलम ११३ उगवते. नोटिशीची मुदत संपल्यावरचे भाडे मालकाने घेतले, तर नोटीस सोडून दिली असे समजावे. कायद्याच्या पुस्तकात हे उदाहरणच दिलेले आहे. त्याच्याखाली दुसरेही आहे: पहिली नोटीस संपल्यावर भाडेकरूला भाडेकरू म्हणूनच दुसरी नोटीस दिली, तर पहिली रद्द. तात्यांनी ही दोन्ही उदाहरणे आळीपाळीने करून दाखवली. त्यांचे वकील कपाळाला हात लावीत. "अहो, भाडं घेतलंत कशाला?"

"पहिली तारीख होती," तात्या म्हणत. "मास्तर पैसे घेऊन दारात उभे. नको कसं म्हणू?"

मला वाटते, नोटीस म्हणजे काय हे त्या वाक्यावरून जेवढे कळते तेवढे कलमांवरून कळत नाही. तात्या मास्तरांना तोंडावर 'घर सोडा' म्हणू शकत नव्हते. त्या चौदा पायऱ्या त्यांना चढवत नव्हत्या. पोस्टाच्या तिकिटात त्यांनी विकत घेतले होते ते धैर्य. नोटीस घेणाऱ्याच्या सोयीसाठी असते असे आपण समजतो, त्याला बिऱ्हाड शोधायला वेळ मिळावा म्हणून. निम्मी तरी ती देणाऱ्याच्या सोयीसाठी असते. 'आमच्या अशिलाने आम्हांस कळविल्यावरून आम्ही तुम्हांस कळवितो' या वाक्यात आपण आणि तो माणूस यांच्यामध्ये दोन वकील उभे राहतात, आणि त्यांच्या काळ्या कोटांआडून आपल्याला त्याचा चेहरा दिसत नाही.

तात्यांच्या बाजूनेही बोलायला हवे, कारण विनोदी लेखांत घरमालकाच्या बाजूने बोलायची चाल नाही. १९४७ चा मुंबईचा भाडे नियंत्रण कायदा जिथे जिथे लागू होता, तिथे भाडेकरू नेमाने भाडे देतो आहे तोवर नुसत्या नोटिशीने त्याला हलवता येत नसे. मालकाला कायद्यातले कारण सिद्ध करावे लागे. इतके, की अशा दाव्यात कलम १०६ च्या नोटिशीची गरजच नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी १९७९ साली सांगून टाकले. वकिलांनी ती द्यायची सोडली नाही, हा भाग वेगळा. सवय मोडायला सातापेक्षा जास्त न्यायमूर्ती लागतात. आणि भाडे? ते १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून ठेवलेले. कौले दर पावसाळ्याला महाग होत होती आणि भाडे दुसऱ्या महायुद्धातून बाहेर यायला तयार नव्हते. हे आता वाजवी राहिलेले नाही, असे सर्वोच्च न्यायालय १९९७ च्या डिसेंबरात म्हणाले. मग महाराष्ट्राचा १९९९ चा नवा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि मालकाला वर्षाला चार टक्के वाढ मिळाली. बावीस रुपयांचे चार टक्के म्हणजे अठ्ठ्याऐंशी पैसे. तात्या तेव्हा हयात नव्हते. असते तर पावती फाडताना त्यांना बारा पैसे परत द्यावे लागले असते.

पण या दोन्ही कायद्यांत एक कलम असे आहे की ते वाचून मी अंमळ थबकलो. मालकाला स्वतःला राहायला जागा हवी असली आणि ती गरज खरी असली, तरी न्यायाधीशाने पुढे विचारायचे: काढले तर भाडेकरूचे हाल जास्त, की न काढले तर मालकाचे जास्त? आणि जागा थोडी इकडे थोडी तिकडे दिल्याने दोघांचेही भागणार असेल, तर तेवढाच हुकूम करायचा. देवाघरी हा प्रश्न विचारला जातो की नाही, मला माहीत नाही. पण दिवाणी कोर्टात तो विचारायची सक्ती आहे. आपण घरात, नात्यात, कचेरीत रोज कोणाला ना कोणाला 'आता तुमचं काम नाही' असे सांगत असतो. तेव्हा कोणाचे हाल जास्त हे विचारतो का? आमच्या बदलीच्या हुकमात तर 'तात्काळ रुजू व्हावे' एवढेच असते.

सातारच्या माणसाला बिननोटिशीने घर सुटण्याचे तसे अप्रूप नाही. साक्षात छत्रपतींनाच ते चुकले नाही. १८१९ च्या तहाने इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांना गादी दिली आणि १८३९ च्या सप्टेंबरात तीच काढून घेऊन त्यांना काशीला धाडले. महाराज १८४७ साली तिकडेच गेले. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला जाऊन चौदा-एक वर्षे साहेबाचे उंबरे झिजवत राहिले. नोटीस न देणाऱ्याला दिलेले एवढे लांब उत्तर दुसरे नसेल. १८४८ साली तर औरस वारस नाही एवढ्यावर अख्खे राज्यच खाली करून घेतले. आपल्या घरमालकाला पंधरा दिवसांची शिस्त लावणारा कायदा करायला याच सरकारला पुढे चौतीस वर्षे लागली. आजी या यादीत ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेच्या कोयनेच्या भूकंपाची भर घालीत असे. "त्यानं कुठं दिली होती नोटीस?" हा तिचा बिनतोड सवाल.

त्या मानाने सांगलीची कृष्णा सभ्य. ती आधी सांगून येते. आयर्विन पुलापाशी पाणी चाळीस फुटांवर गेले की इशारा पातळी, पंचेचाळीसवर धोका पातळी. मधले पाच फूट हीच तिची नोटिशीची मुदत. गावातली माणसे पावसाळ्यात पुलावर जाऊन फूट वाचतात, जशी पुण्याची माणसे शेअरचे भाव वाचतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ती सत्तावन्न फुटांच्या वर गेली, तेव्हा आम्ही गावभागात आजींच्या माडीवर राहत होतो.

या आजी म्हणजे आमच्या सांगलीच्या घरमालकीण. काटेकोर बोलायचे तर सांगलीत मी भाडेकरू नव्हतोच. 'लिव्ह अँड लायसन्स'वाला होतो. १ फेब्रुवारी १९७३ रोजी असे जे लायसन्सवाले जागेत होते, ते कायद्याच्या दुरुस्तीने भाडेकरू ठरले, आणि त्या धसक्यातून पुष्कळ मालक अजून बाहेर आलेले नाहीत. म्हणून करार अकरा महिन्यांचा. एक वर्षाच्या आतला असला की नोंदणीची यातायात वाचते, हे त्यामागचे जुने शहाणपण. १९९९ च्या कायद्याने महाराष्ट्रात असा प्रत्येक करार लेखी आणि नोंदलेला हवा असे ठरले, तेव्हा अकराला काही अर्थ उरला नाही. पण माणसाचे शेपूट गेले तरी माकडहाड राहिले, तसे आमचे अकरा महिने राहिले. असे बारा करार आम्ही केले. त्यात मी 'परवानाधारक' होतो. त्यापूर्वी माझ्याजवळ फक्त स्कूटरचा परवाना होता.

आजी त्र्याऐंशीच्या. एक मुलगा पुण्याला, एक अमेरिकेत. खाली त्या एकट्या, वर आम्ही. पुरात त्यांचे स्वयंपाकघर पाण्याखाली गेले आणि त्या आमच्याकडे वर आल्या, त्या आठ दिवस. दोन खोल्यांत पाच माणसे, आजींचा देव्हारा आणि एक मांजर. पहिल्या रात्री मेणबत्तीच्या उजेडात त्या म्हणाल्या, "आता मी तुमची परवानाधारक. किती महिन्यांचा कागद करू?" आम्ही हसलो. पाणी जिन्याच्या सहाव्या पायरीवर होते.

पुढे विश्रामबागेत आमची सदनिका झाली. कर्मचारी कर्जाच्या कृपेने का होईना, झाली. आणि इतकी वर्षे दुसऱ्यांच्या तोंडून ऐकलेला प्रश्न माझ्या ताटात आला. करारात लिहिले होते, परवानाधारकाने एक महिना आधी लेखी कळवावे. कलम १०६ मध्येही 'मालकाने किंवा भाडेकरूने' असे दोघांचे नाव आहे; पण 'भाडेकरूने नोटीस दिली' हे वाक्य आपल्याला 'जावयाने हुंडा दिला' यासारखे ऐकू येते. हलणारा तो बिचारा, अशी आपली समजूत. मागे राहणाऱ्याचा विचार कोणी करीत नाही.

महिनाभरात आजींना दुसरे बिऱ्हाड सहज मिळाले असते. पण आमच्याकडून त्यांना काय मिळत होते? भाडे तर पुण्याचा मुलगाच परस्पर खात्यात घेई. आजींना मिळत होते ते आमच्या पावलांचे आवाज. वरचा नळ वाहू लागला की सहा वाजले, मुलांची आदळआपट सुरू झाली की साडेसात, माझी स्कूटर आली की देवाजवळ दिवा. रात्री बरे वाटेनासे झाले तर त्या काठीने तक्तपोशी ठोकत, आणि मी उतरत असे. आमची धाकटी त्यांना पेपर वाचून दाखवी, त्यात निधनवार्ता आधी. या सगळ्याची मुदत किती धरायची? पावलांचे कलम मी वकीलसाहेबांना विचारले. ते म्हणाले, "नसतं." आणि चेक पुढे सरकवला.

घरात यावर खल झाला. ही म्हणाली, "लवकर सांगितलं तर त्या रोज रडतील, आणि उशिरा सांगितलं तर मग कायमच्या." यात दोन्ही बाजूंनी हरण्याची सोय होती. अखेर पाडव्याला नव्या घरी जायचे आणि मार्गशीर्षात सांगायचे, असे तीन महिने ठरले. पुण्याच्या मुलाला कागद लागणार म्हणून मी रीतसर पत्र टाइप केले, आणि एका रविवारी ते घेऊन आम्ही दोघे जिना उतरलो. सांगलीच्या त्या जिन्याला पायऱ्या तेराच होत्या. तात्यांना पोस्ट ऑफिस का लागत होते, ते मला सातव्या पायरीवर समजले.

आजी शेंगा सोलत होत्या. "वाच," म्हणाल्या. मी घसा साफ करून 'तुम्हांस कळविण्यात येते की' पर्यंत आलो.

"मला कळवून झालंय," आजी म्हणाल्या. "मे महिन्यात हिनं लोणचं मोठ्या बरणीत घातलं नाही. दिवाळीला तू भिंतीला रंग मागितला नाहीस. बारा वर्षांत पहिल्यांदा. बस, शेंगा घे." मग थोड्या वेळाने, शेंगांकडेच बघत, "तोंडानं सांगायला आलात, बरं केलंत. आधीचे लोक किल्ली खिडकीत ठेवून गेले होते. त्यांचंही भाडं चुकलं नव्हतं."

त्यावर बोलण्यासारखे काही नव्हते. त्यांनीच विषय बदलला आणि वरचा गळका नळ जाण्यापूर्वी दुरुस्त करून द्यायची मला तीन महिन्यांची नोटीस दिली.

तेव्हापासून माझे मत असे झाले आहे, की पंधरा दिवस कमी की तीन महिने जास्त हा प्रश्न ट्रंकांचा आहे. पंधरा दिवसांत ट्रंका भरतात. पण खुर्ची-टेबलाला कोणी नोटीस देत नाही, त्यांना नुसते उचलतात. नोटीस माणसाला देतात. 'तू इथे आहेस, आणि तुला न सांगता मला हे करता येत नाही' एवढी कबुली तीत असते, आणि ती पोस्टाने पाठवली की वाटेत कुठेतरी गळून पडते. आजीबाईंनी मला पावती दिली ती त्या कबुलीची. महिन्यांचा हिशेब त्यांनी विचारलाही नाही.

आपल्या मराठीत तर घर सोडण्याची नोटीस नीट देताच येत नाही. उंबऱ्यावरून कोणी 'जातो' म्हणत नाही. 'जातो' म्हणाला तर घरातले मोठे माणूस दटावते, "येतो म्हणावं." ट्रक भरलेला असतो, किल्ली आजींच्या हातात दिलेली असते, खोल्या रिकाम्या होऊन आवाज घुमत असतो, आणि आपण म्हणतो, "येतो." कायद्याच्या दृष्टीने हे खोटे निवेदन. आमच्या वाणिज्याच्या दृष्टीने मात्र ती वचनचिठ्ठी आहे, मागताक्षणी देय. आणि वचनचिठ्ठीची मुदत तीन वर्षे. तेवढ्यात वसुली झाली नाही, तर ती कालबाह्य होते. फक्त मुदत संपायच्या आत काही रक्कम भरली आणि तशी लेखी नोंद ठेवली, की तीन वर्षे त्या दिवसापासून नव्याने मोजतात.

म्हणून एक रविवार आड मी धाकटीला घेऊन गावभागात हप्ता भरायला जातो. ती निधनवार्ता वाचते, मी नळ पाहतो; तो पुन्हा गळू लागला आहे. निघताना "येतो" म्हणतो, म्हणजे कर्ज पुन्हा पहिल्याएवढे होते. लेखी नोंद आजींकडे आहे. भिंतीवरच्या कॅलेंडरात आमच्या रविवारांभोवती त्यांनी पेन्सिलने गोल केले आहेत.